सरांसाठी समुद्रफूल निवडताना

थर्माकोलचा खोका उघडला आणि हमीदभाई म्हणाले, "देख दिगंबर, क्या माल आया है!"

आत पाण्याने भरलेल्या तीन पिशव्या होत्या. पहिल्या पिशवीत पांढरंशुभ्र समुद्रफूल होतं. त्याच्या बोटांची टोकं फिकट जांभळी होती. पिशवी जराशी हलली की ती बोटं संथपणे हलायची, झोपेत एखाद्याने हात हलवावा तशी. दुसऱ्या पिशवीतलं मोठ्या ताटाएवढं पसरणारं होतं. त्याला धंद्यात कार्पेट म्हणतात. तिसऱ्या पिशवीत चिखलाच्या रंगाचं काहीतरी गोळा होऊन तळाशी बसलं होतं.

"ये तीसरा किसने मंगाया?" हमीदभाईंनी ती पिशवी उजेडाकडे धरली. "इसको कौन लेगा? आलू दिखता है."

मी पांढऱ्याकडे बघत होतो. ते मला गाडेकर सरांसाठी हवं होतं.

त्या वर्षांत मी औरंगाबादला हमीदभाईंच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात नोकरी करत होतो. राहायला जालन्यात, रोज पॅसेंजरने अप-डाऊन. आमचं गाव हसनाबाद. घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट, झूऑलॉजीचा बी.एस्सी. वडील गावात कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगं बी.एस्सी. करून मासे इकून राह्यलं. मासे तं आपल्या नदीत फुकट मिळतेत." बोलायचे असं, पण माझ्या डिग्रीच्या सर्टिफिकेटला फ्रेम त्यांनीच करून आणली होती.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. समुद्रफूल हे फूल नाही, प्राणी आहे. इंग्रजीत त्याला अ‍ॅनिमोन म्हणतात. खाली पाय असतो, तो दगडाला घट्ट चिकटतो. वर मधोमध तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारख्या स्पर्शिका. या स्पर्शिका डंख मारतात. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा जोकर मासा मात्र त्यांच्यातच घर करतो, त्याला काही होत नाही.

स्पर्शिका हा शब्द मी पहिल्यांदा गाडेकर सरांच्या तोंडून ऐकला. हसनाबादच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवायचे. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या बारीक जिवाचा धडा आला की त्या दिवशी ते खिशातून रंगीत खडू आणायचे. हिरव्या खडूने फळाभर हायड्रा काढायचे. मग खडू ठेवून वर्गाच्या पार शेवटी जाऊन उभे राहायचे आणि शेवटच्या बाकावरच्या पोरांना विचारायचे, "इथून दिसतंय का रे?" नाही म्हटलं की परत जाऊन रेघा जाड करायचे. शेवटचा बाक माझा होता. दहावीनंतर मला सायन्सला घाला म्हणून सर आमच्या घरी तीन वेळा आले. वडील तिसऱ्यांदा हो म्हणाले.

सर निवृत्त होऊन बदनापूरला स्टेशनजवळ राहत होते. त्यांचं वाचन बंद झालं, तेव्हा पुण्याच्या मुलाने त्यांच्यासाठी खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. ती मीच बसवली. अडीच फूट लांब, पाणी साधारण सव्वाशे लिटर. या धंद्यात ही लहान टाकी. खरं प्रवाळ घरी ठेवायला कायद्याने बंदी आहे, म्हणून सिरॅमिकचे काळपट दगड रचले. खाली वाळू, वर दोन ट्यूब, एक पांढरी आणि एक निळी. दोन जोकर मासे सोडले. आठ महिने झाले होते. समुद्रफूल नव्या टाकीत टिकत नाही. टाकी लोणच्यासारखी मुरावी लागते.

वाचन बंद झालं ते डोळ्यांमुळे. सरांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. समोर धरलेलं पुसल्यासारखं व्हायचं, कडेचं थोडं दिसायचं. त्यामुळे काही बघायचं असलं की ते मान वाकडी करायचे. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "कोंबड्यावानी बघून राह्यलेत." डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे तेवढंही दिवसेंदिवस मंद होत जाईल.

मागच्या आठवड्यात सर म्हणाले होते, "दिगंबर, तीस वर्षं फळ्यावर हायड्रा काढला. जिवंत असा डोळ्यानं कधी बघितला न्हाई. समुद्रफूल म्हंजे हायड्राचा थोरला भाऊच की. दिसतंय तोवर एकदा बघू दे."

एवढंच काम होतं. सरांना दिसेल असं समुद्रफूल निवडायचं. कार्पेट त्यांच्या टाकीत मावणार नव्हतं.

"सफेद ले जा," हमीदभाई म्हणाले. "बुढ्ढे की आँख को सफेद ही दिखेगा. बराबर चीज है उनके लिए."

मला ते पटलं होतं. तरी पिशव्या तासभर टाकीत तरंगत ठेवल्यावर मी हात धुऊन तपासणी केली. समुद्रफूल घेताना तीन गोष्टी बघायच्या. पाय फाटलेला नसावा. तोंड घट्ट मिटलेलं असावं. आणि स्पर्शिकेला बोट लावलं तर ती बोटाला चिकटली पाहिजे. चिकटणं म्हणजे त्याच्यात अजून जोर आहे.

पांढऱ्याला बोट लावलं. ओल्या रेशमाला लावल्यासारखं वाटलं, चिकटलं नाही. तोंड सैल होतं. तपकिरी बटाट्याला बोट लावलं तर त्याने ते असं धरलं की सोडवून घ्यावं लागलं.

"दोन्ही उद्यापर्यंत ठेवा," मी म्हणालो.

"अरे, गिऱ्हाईक को जो चाहिए वो देना," हमीदभाई म्हणाले. "तू मास्टर का शागिर्द है के मेरा नौकर?"

"दोन्ही," मी म्हणालो. ते हसले. माणूस चांगला होता, धंदा त्याला बोलायला लावायचा.

संध्याकाळच्या गाडीने मी बदनापूरला उतरलो. सर टाकीसमोरच्या खुर्चीत बसले होते. मान डावीकडे वळवून माशांकडे बघत होते. खोलीत फक्त टाकीचा उजेड होता. पाण्याच्या लाटांची सावली छतावर हलत होती. छत, भिंत, सरांचा पांढरा सदरा, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसत होतं. मला क्षणभर वाटलं, आपण शाळेतच आहोत आणि शाळा समुद्रात आहे.

"आणलं का?"

"न्हाई, सर. दोन आल्यात. तुम्हाला विचारायला आल्तो."

"सांग."

"एक पांढरं हाये. लई सुंदर. अंधारात चांदणं पडल्यावानी दिसतं. दुसरं तपकिरी, लहान. बबल टिप म्हणतेत त्याला. मोठं झालं की बोटांच्या टोकाला फुगे येतेत."

"मंग पांढरं घे की. मला तेच दिसंल."

मी गप्प बसलो. सरांना गप्प बसलेला विद्यार्थी बरोबर ओळखू यायचा. त्यांनी तोंडी परीक्षा सुरू केली.

"ते पांढरं काहून हाये?"

"त्याच्या अंगात शेवाळाचे बारीक कण राहतेत, सर. ते उजेडात अन्न तयार करतेत आणि त्याच्यावर समुद्रफूल जगतं. रंग त्या कणांचा असतो. प्रवासात, अंधारात त्याला त्रास झाला की कण निघून जातेत."

"म्हंजे पांढरं याचा अर्थ?"

"उपाशी, सर."

"किती दिवस काढंल?"

"महिना. लई झालं तर दोन. फार जपलं तर एखादं वाचतं, पण लहान टाकीत न्हाई वाचत."

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "मला बी कितीक दिवस दिसणार हाये? त्याला दोन महिने जगायचंय, मला दोन महिने बघायचंय. बराबर जोडी जमली की रे."

ते हसत होते. मला हसता आलं नाही. आतून काकूंचा आवाज आला, "असलं बोलू नका, दिवेलागणीची येळ हाये."

"सर," मी म्हणालो, "ते मरतं तेव्हा सडून पाणी नासवतं. एवढ्या पाण्यात एका दिवसात सगळी टाकी जाईल. दोन्ही मासे जातील."

एक जोकर मासा काचेपाशी आला होता. सरांनी त्याच्याकडे मान वाकडी केली. मासाही तिरका होऊन त्यांच्याकडे बघत राहिला.

"हे दोघं आठ महिने माझ्याशी बोलून राह्यलेत," सर म्हणाले. "तपकिरी आण. आणि तोंडी परीक्षेत पास झालास. बस, चहा घे."

तिसऱ्या दिवशी मी तपकिरी समुद्रफूल आणून सोडलं. आधी दीड तास टाकीचं पाणी थेंबथेंब पिशवीत सोडून त्याला सवय केली. मग पंप बंद करून दगडाच्या खाचेत हलकेच ठेवलं. पाय चिकटेपर्यंत थांबलो. हळूहळू ते उमललं. सरांना म्हणालो, "उजव्या हाताच्या दगडावर, मधोमध."

सरांनी मान वळवली. "हां, हां. छान हाये. टोकं फुगीर दिसतेत."

मी आनंदाने जालन्याला गेलो. गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती, तरी झोपेत चालल्यासारखा प्रवास झाला.

आठ दिवसांनी गेलो तर समुद्रफूल जागा सोडून टाकीच्या डाव्या टोकाला गेलं होतं. त्यात नवल नाही. ते पायाने सरकत चालतं आणि त्याला आवडेल तिथे बसतं. म्हणून पंपाच्या तोंडाला जाळी लावावी लागते, नाहीतर ओढलं जाऊन फाटतं. मी काही बोलायच्या आत सर उजवीकडच्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ कसं मजेत बसलंय."

त्या दगडावर काही नव्हतं.

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि जमिनीकडे बघितलं. काळपट दगडावर तपकिरी समुद्रफूल. मी त्याची तब्येत बघितली होती, टाकीचा आकार बघितला होता, पाणी बघितलं होतं. बघणाऱ्याचा हिशेब चुकला होता. सरांनी माझ्यासाठी आठ दिवस रिकामा दगड बघितला होता.

"हो सर," मी म्हणालो. "मजेत हाये." याहून वाईट उत्तर मी त्यांना वर्गात कधी दिलं नव्हतं.

चार दिवसांनी दुकानात फोन आला. काकू होत्या. "दिगू, जल्दी ये. ते आक्रसून गेलंय."

मी दुपारची गाडी पकडून गेलो. समुद्रफूल सुकलेल्या अंजिराएवढं झालं होतं. मासे कोपऱ्यात होते. पण पाणी असं स्वच्छ की टाकी रिकामी वाटावी.

"काकू, टाकीत काही टाकलं का?"

"काही न्हाई बाबा. पाणी जरा गढूळ वाटलं म्हणून तुरटी फिरवली. तीन येळेस. हंड्यात फिरवते तशी. बघ ना, कसं निवळशंख झालं."

आमच्या भागात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. टँकरचं पाणी गढूळ असायचं. तुरटीचा खडा पाण्यात चार फेरे फिरवला की गाळ खाली बसतो, हे आमच्याकडे प्रत्येक घरात माहीत आहे. माझी आईही फिरवायची. मी काकूंना खाऱ्या पाण्याचे वीस नियम सांगितले होते. साबणाचा हात घालू नका, अगरबत्ती लांब लावा, अत्तर लावून झाकण उघडू नका. तुरटीचं सांगायचं सुचलं नाही. पुस्तकातही नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी टँकर येत नसावा.

"माझ्या हातानं मेलं काय रे ते?" काकूंचा आवाज बारीक झाला. मग आणखी हळू म्हणाल्या, "त्यांना ते दिसत न्हाई, दिगू. तुला वाईट वाटू नये म्हणून दिसतं म्हणतेत. मला वाटलं, पाणी निवळलं तं दिसंल."

बाहेरच्या ओट्यावरून सर म्हणाले, "ऐकू येतं मला अजून."

मी बाह्या सरसावल्या.

तुरटी विरघळली की पाण्याचा गुण बदलतो आणि समुद्रफुलाची त्वचा ते सोसत नाही. उपाय एकच, पाणी बदलायचं. ते आरओचंच पाहिजे. बदनापुरात जारवाला होता. त्याच्याकडून तीन जार आणले. समुद्री मीठ दुकानातून मागवलं. रात्रभर हवेच्या पंपाने पाणी ढवळत ठेवलं आणि मी सरांकडेच मुक्काम केला. सकाळी खारटपणा मोजला, टाकीएवढा जुळवला, आणि अर्धं पाणी काढून नवं भरलं. काढलेल्या पाण्याच्या बादल्या मोरीत ओतताना काकू बघत होत्या. "तुळशीला बी चालत न्हाई का रे?" नाही चालत. त्या म्हणाल्या, "मंग ओत. पण मी बघत न्हाई," आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

त्या दिवसांत भारनियमन दिवसाला सहा-सहा तासांचं असायचं. आजारी समुद्रफुलाला पाण्याचा प्रवाह बंद झालेला चालणार नव्हता. म्हणून घरातल्या इन्व्हर्टरवरचा पंखा काढून पंप जोडला. त्याच बोर्डावर एक जागा रिकामी होती. हाताला जी पिन लागली ती खुपसून दिली.

पुढचे पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी बदनापूरला उतरायचो. आणखी दोनदा पाणी बदललं. समुद्रफूल कधी अंजीर, कधी सुपारी. सर रोज विचारायचे, "काय म्हणतंय पेशंट?" मी आता खरं सांगायचो. "आज तोंड मिटलेलं हाये, सर." "आज बोटं बाहेर काढलीत. चार." सर मान डोलवायचे. बघितल्याचं सोंग त्यांनीही सोडलं होतं. एका अर्थी तेव्हा आमचं खरं बोलणं सुरू झालं.

मग एका रविवारी दुपारी मी तिथे होतो. उन्हाळा वर आला होता. काकूंनी सगळे पडदे ओढले होते, दारं लोटली होती. समुद्रफूल आदल्या दिवसापासून पूर्ण उमललं होतं. मी सरांना त्याचं वर्णन सांगत होतो. टोकांना फुगे आलेत, लहान मुलाच्या बोटांसारखे. एवढ्यात लाईट गेली.

पंखा थांबला. खोली काळोखी झाली. पंपाची घरघर चालू राहिली. पांढरी ट्यूब विझली होती, पण निळी चालूच होती. मी बोर्डावर खुपसलेली पिन तिची होती.

निळ्या उजेडात टाकी ओळखू येईना. दगड गेले, वाळू गेली, काच गेली. नुसता एक खोल निळा अंधार आणि त्यात डावीकडे हिरवं काहीतरी पेटलेलं. भाताच्या कोवळ्या रोपासारखं हिरवं. त्या तपकिरी बटाट्याचं एकेक बोट आतून उजळलं होतं आणि प्रवाहाबरोबर सगळी बोटं एकदम वाकत होती, एकदम उठत होती. पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात हा रंग बुडून जायचा. काही समुद्रफुलांच्या अंगचा असा रंग निळ्या उजेडातच पेटतो. हे मी वाचलं होतं. वाचलेलं वेळेवर आठवलं असतं तर पंधरा दिवस आधी दाखवता आलं असतं.

सरांची मान हळूहळू वळली. उजवीकडच्या दगडाकडे नाही. डावीकडे.

"दिगंबर, ते हिरवं काय पेटलंय रे?"



"हलतंय ते," सर म्हणाले. खुर्चीतून पुढे झुकले. "बोटं हायेत. लई बोटं हायेत. थांब. त्यातून काळं काहीतरी गेलं."

"जोकर मासा, सर. त्यानं आज घर केलं."

"अगं, इकडं ये," सरांनी हाक मारली. काकू आल्या, दारातच थांबल्या. सरांनी हवेत बोट उचललं आणि एकेक स्पर्शिका काढल्यासारखं फिरवलं. मधली नाही, कडेकडेच्या. खडू हातात असावा तसं.

मी उठलो आणि खोलीच्या पार शेवटी, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

"इथून दिसतंय का, सर?" असं विचारायचं होतं. पण मी शेवटच्या बाकावर होतो आणि विचारायचा हक्क सरांचा होता. त्यांनी मागे न वळता विचारलं, "तुला दिसतंय का रे तिथून?"

"दिसतंय, सर."

लाईट पावणेपाचला आली. काकूंनी उठून पांढऱ्या ट्यूबचं बटण बंद केलं आणि पडदे तसेच राहू दिले. भारनियमनाला आशीर्वाद देणारं तालुक्यातलं ते एकच घर असावं.

सरांची नजर पुढे मंद होत गेली. हिरवं मात्र त्यांना जवळजवळ दोन वर्षं दिसलं. शेवटी शेवटी बोटं दिसत नव्हती, नुसता हिरवा उजेड हलताना कळायचा. तेवढ्यावर मासा आत आहे की बाहेर, ते सांगायचे. समुद्रफुलाने मधल्या काळात स्वतःचे दोन भाग केले. बबल टिप असं करतं, एकाची दोन होतात. काकूंनी बारशाच्या घुगऱ्या वाटल्या.

पांढरं समुद्रफूल एका हॉटेलवाल्याने नेलं होतं. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, टाकीला वास सुटलाय म्हणून. साफ करायला हमीदभाईंनी मलाच पाठवलं. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "आलू जिंदा है क्या?"

आता माझं स्वतःचं लहानसं दुकान आहे. घरच्या टाकीसाठी कोणतं समुद्रफूल घ्यावं, असं लोक विचारतात. मी टाकीचं माप विचारतो, टाकी किती महिने मुरली ते विचारतो, ट्यूब कोणत्या ते विचारतो. मग आणखी दोन प्रश्न विचारतो आणि लोक माझ्याकडे जरा विचित्र बघतात. टाकी घरात बघणार कोण? आणि तुरटी कुठे ठेवता?